फॅरडेची शिकवणी

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिणाऱ्यांस एक विशेषण फार प्रिय असतें, तें म्हणजे ‘स्वयंशिक्षित’. चरित्रनायक गरीब असला, शाळेंत फारसा गेलेला नसला आणि पुढें नांवारूपास आला, कीं हें विशेषण त्याच्या नांवामागें लागलेंच म्हणून समजावें. मायकेल फॅरडे या विख्यात इंग्रज शास्त्रज्ञासंबंधानें तर तें इतकें रूढ झालें आहे, कीं मुलांसाठीं लिहिलेल्या लहानमोठ्या चरित्रांतून लोहाराचा मुलगा, पुस्तकें बांधणारा उमेदवार आणि केवळ स्वतःच्या हिंमतीवर विद्युच्छास्त्राचा आचार्य झालेला पुरुष, असाच तो आपणांस भेटतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी अक्षरशः खऱ्या आहेत. तिसरी अर्धीच खरी आहे, आणि जो अर्धा भाग गाळला जातो तोच आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. फॅरडे जन्मभर कोणाची ना कोणाची शिकवणी लावून होता. कधीं ती शिकवणी पुस्तकाच्या रूपानें आली, कधीं एका शिलिंगाच्या व्याख्यानाच्या रूपानें, कधीं मित्राच्या रूपानें. परंतु शास्त्राचीं प्राथमिक तत्त्वें जाणत्याच्या संगतीनें पुन्हां पुन्हां घोटून घेण्याची संवय त्यानें म्हातारपणींही सोडली नाहीं. गरीब व हुषार मुलास ‘तूंही एकटाच शीक’ असें सांगणें सोपें असतें. त्यांत सांगणाऱ्याचा पैसाही जात नाहीं आणि वेळही जात नाहीं. म्हणून या शिकवणीची हकीकत एकदां नीट पाहणें अवश्य आहे.

तिचा आरंभ जिनें केला ती शिक्षिका फॅरडेनें त्या वेळीं पाहिलेली नव्हती. तिचें नांवही त्यास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. लंडनमध्यें स्थायिक झालेल्या एका स्विस व्यापाऱ्याच्या घरीं १७६९ सालीं जन्मलेल्या जेन हाल्डिमंड यांचा विवाह १७९९ सालीं अलेक्झांडर मार्सेट या मूळच्या जिनीव्हाच्या डॉक्टरांशीं झाला. डॉक्टरसाहेब लंडनच्या गाय्ज् रुग्णालयांत काम करीत; परंतु त्यांचा जीव रसायनशास्त्रांत गुंतलेला असे. त्याच १७९९ सालीं लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था निघाली, आणि १८०१ पासून तेथें हंफ्रे डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ व्याख्यानें देऊं लागला. डेव्हीचें वक्तृत्व असें कीं, शहरांतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांची तेथें रीघ लागे. नाटकास जावें तसे लोक रसायनशास्त्रास जात. मार्सेटबाईही जात. पुढें आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं मोकळ्या मनानें लिहून ठेवलें आहे, कीं प्रयोगामागून प्रयोग इतक्या झपाट्यानें होत, कीं नवख्या श्रोत्यास त्यांतून स्पष्ट बोध होणें जवळजवळ अशक्यच होतें. परंतु मागाहून त्याच विषयावर एका स्नेह्याशीं निवांत बोलणें झालें, कांहीं प्रयोग पुन्हां करून पाहिले, आणि मग पुढचीं व्याख्यानें उलगडूं लागलीं. हा स्नेही म्हणजे त्यांचे पतिच असावेत असा तर्क करतात, व तो सयुक्तिक दिसतो. सभागृहांतील इतर श्रोत्यांस घरीं असा स्नेही नव्हता, हें बाईंच्या लक्षांत आलें. ज्यांस असा स्नेही नाहीं त्यांस तो कागदावर मिळवून द्यावा, एवढ्याच हेतूनें त्यांनीं लेखणी हातीं धरली.

१८०६ च्या सुमारास ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ म्हणजे रसायनशास्त्रावरील संभाषणें, या नांवाचें दोन भागांचें पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यावर कर्त्याचें नांव नव्हतें. पुस्तकांत तीनच पात्रें आहेत: मिसेस बी या शिक्षिका, आणि एमिली व कॅरोलाइन या दोन विद्यार्थिनी. एमिली विचारी, कॅरोलाइन उतावळी आणि थोडी तोंडाळ. पहिल्याच संभाषणांत ती बाईंना स्पष्ट सांगते, कीं या शास्त्रांत आपलें मन रमेल असें कांहीं आपणांस वाटत नाहीं. सृष्टीचें भव्य रूप दाखविणारीं शास्त्रें सोडून हे बारीकसारीक तपशील कोण चिवडीत बसणार? मिसेस बी रागावत नाहींत. औषधवाल्याचें दुकान म्हणजेच रसायनशास्त्र नव्हे, सृष्टि हीच केवढी प्रचंड प्रयोगशाळा आहे, असें त्या तिला समजावूं लागतात, आणि पाठ सुरू होतो.

गुरुशिष्यसंवाद आपणांस नवा नाहीं. परंतु मागाहूनच्या काळांतील आपल्या पुष्कळशा ग्रंथांतून शिष्याचें काम गुरूला बोलतें करण्यापुरतेंच उरलें आहे. तो विचारतो, नमस्कार करतो, आणि धन्य होतो. कॅरोलाइन धन्य होत नाहीं. ती आडवी येते. उदाहरणार्थ उष्णतेवरील पाठ घ्या. धातूचे दोन अंतर्गोल आरसे समोरासमोर ठेवून एकाच्या केंद्राशीं तापलेला गोळा व दुसऱ्याच्या केंद्राशीं उष्णतामापक ठेवला, तर मधलें अंतर कितीही दिसो, पारा वर चढतो. जिनीव्हाच्या पिक्टे या शास्त्रज्ञाचा हा प्रयोग मार्सेटबाईंनीं पुस्तकांत घेतला आहे. येथवर सरळ आहे. परंतु तापल्या गोळ्याच्या जागीं बर्फ ठेवलें तर पारा खालीं उतरतो. मग थंडीचेही किरण असतात कीं काय? शिकणाऱ्यास पडणारा हा प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याला ‘पुढें कळेल’ असें उत्तर देणारा शिक्षक खरा नाहीं. खरी गोष्ट अशी, कीं उष्णता सर्वच पदार्थ देत असतात व घेत असतात. बर्फापुढें ठेवलेला उष्णतामापक जेवढी देतो तेवढी त्यास परत मिळत नाहीं, म्हणून तो निवतो. थंडी ही वस्तु नव्हे, ती केवळ उणीव होय. हें एक वाक्य पाठ करून घेण्यास अर्धें मिनिट पुरतें. परंतु आरशांच्या वाटेनें जो त्यापर्यंत जातो त्याच्यापाशीं तें राहतें.

या पुस्तकांत चुका नव्हत्या असें मात्र नव्हे. प्रकाश व उष्णता यांची गणना लाव्हॉझिएच्या मताप्रमाणें त्यांतही मूलद्रव्यांबरोबर केली होती; उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नांवाचें एक वजनरहित सूक्ष्म द्रव्य, हीच त्या काळची सर्वमान्य समजूत होती. यांतला विनोद असा, कीं ज्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें बसून बाईंनीं हें शास्त्र ऐकलें तिच्या संस्थापकांपैकीं काउंट रम्फर्ड यांनीं तोफांचीं नळकांडीं कोरतांना निघणारी अखंड उष्णता पाहून या समजुतीवर १७९८ सालींच जोराचा हल्ला चढविला होता! परंतु सर्वमान्य समजुती हल्ल्यानें लगेच पडत नसतात. कॅलरिक त्यानंतरही चाळीस-पन्नास वर्षें जगलें. मार्सेटबाईंची थोरवी अशी, कीं त्यांनीं आपलें पुस्तक कधीं शिळें होऊं दिलें नाहीं. डेव्हीनें १८०७ सालीं विजेच्या साहाय्यानें पोटॅशियम व सोडियम वेगळे केले, १८१० सालीं क्लोरीन हा संयुक्त पदार्थ नसून मूलद्रव्य आहे असें प्रतिपादिलें. तें तें नव्या आवृत्तींत मिसेस बींच्या तोंडीं आलें. १८५३ पर्यंत या पुस्तकाच्या लंडनमध्यें सोळा आवृत्त्या निघाल्या. प्राथमिक पुस्तक हें एकदां लिहून विसरावयाचें काम आहे, असें मानणाऱ्या आमच्या पाठ्यपुस्तककारांनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

आतां फॅरडेकडे वळूं. जन्म २२ सप्टेंबर १७९१. बाप लोहार व प्रकृतीनें कमकुवत. शिक्षण लिहिणें, वाचणें व हिशेब यांपलीकडे नाहीं. तेराव्या वर्षीं तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो या पुस्तकविक्याकडे निरोप्या म्हणून लागला, आणि १८०५ च्या ऑक्टोबरांत सात वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. रीबो हा मालक भला होता. बांधणीस आलेलीं पुस्तकें पोरगा वाचतो म्हणून त्यानें कधीं डोळे वटारले नाहींत. अशा रीतीनें ब्रिटानिका विश्वकोशांतील विजेवरचा लेख त्याच्या हातीं पडला, आणि मार्सेटबाईंचें पुस्तकही पडलें. येथें त्याच्या बुद्धीचा खरा विशेष दिसतो. त्यानें तें वाचलें एवढेंच नव्हे, तर आठवड्याला थोडेसे पेन्स खर्चून जे प्रयोग करतां येण्यासारखे होते ते करून पाहिले. मिसेस बी सांगते तें खरें आहे कीं नाहीं याची त्यानें उलटतपासणी केली. कॅरोलाइननें तोंडानें जें केलें तें या उमेदवारानें हातांनीं केलें, आणि बाईंची साक्ष कोठेंही फुटली नाहीं.

परंतु पुस्तक हें कितीही बोलकें असलें तरी आपणांस नेमकें कोठें अडलें तें त्यास पाहतां येत नाहीं. १८१० च्या फेब्रुवारींत फॅरडेनें जॉन टाटम यांच्या व्याख्यानांची जाहिरात पाहिली. टाटम हे सोनारकाम करणारे गृहस्थ. आपल्या डॉर्सेट स्ट्रीटवरील घरीं रात्रीं आठ वाजतां ते पदार्थविज्ञानावर व्याख्यानें देत. फी दर खेपेस एक शिलिंग. उमेदवाराजवळ शिलिंग कोठून असणार? लोहारकाम करणाऱ्या वडील भावानें, रॉबर्टनें, तो दिला. पुढच्या दीड वर्षांत फॅरडे अशा बारा-तेरा व्याख्यानांस जाऊन आला. यंत्रांच्या आकृति नीट काढतां याव्या म्हणून रीबोच्या घरीं बिऱ्हाड करून राहणाऱ्या मास्केरिए नांवाच्या फ्रेंच चित्रकाराकडून त्यानें यथादर्शन रेखाटनाचे धडे घेतले. व्याख्यानांचीं टिपणें घरीं येऊन तो पुन्हां लिही, विस्तार करी, आकृति भरी. आणि शेवटीं आपल्याच हातांनीं बांधून त्यानें त्यांचे चार खंड केले. ते त्यानें अर्पण कोणास केले म्हणाल, तर रीबोस! स्वयंशिक्षिताच्या या गोष्टींत आतांपर्यंत किती माणसें आलीं तें वाचकांनींच मोजावें.

टाटम यांच्या घरीं जमणाऱ्या मंडळाचें नांव ‘सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी’ असें होतें. कारकून, कारागीर, दुकानांतले नोकर असे तरुण तेथें एकत्र येत व पाळीपाळीनें एकमेकांस शिकवीत. याच मंडळींत फॅरडेला बेंजामिन अ‍ॅबट हा मित्र मिळाला. अ‍ॅबटचें शालेय शिक्षण फॅरडेहून पुष्कळ चांगलें होतें, आणि फॅरडेनें तें मनांत न ठेवतां उघड कबूल केलें आहे. १८१२ च्या जुलैंत त्यानें अ‍ॅबटला लिहिलेल्या पत्रांत आपल्या पहिल्या विद्युद्घटाची हकीकत आहे. तांब्याचीं सात अर्धपेनी नाणीं, तेवढ्याच आकाराचे जस्ताचे सात तुकडे, आणि मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे सहा कपटे. एवढ्या सामग्रीवर त्यानें जुलाबाच्या विलायती मिठाचें पृथक्करण केलें. त्यानंतर मोठा घट करून पाहिला, पाण्यांतून बुडबुडे कां निघाले, द्राव गढूळ कां झाला, याची चर्चा पत्रांतून चालली. हीं पत्रें वाचतांना आम्हांस नेहमीं असें वाटतें, कीं तीं एका शोधकानें जगास लिहिलेलीं नसून एका विद्यार्थ्यानें दुसऱ्यास, ‘मला समजलें तें बरोबर आहे ना?’ असें विचारण्यासाठीं लिहिलेलीं आहेत. समजलेली गोष्ट दुसऱ्यास सांगतांना ती पुन्हां समजते, हें त्यास विसाव्या वर्षींच कळलें होतें.

डेव्हीचा प्रसंग सर्वश्रुत आहे, म्हणून आम्ही तो लांबवीत नाहीं. दुकानाचे एक गिऱ्हाईक मि. डान्स यांनीं दिलेल्या तिकिटांवर फॅरडेनें १८१२ च्या वसंतांत डेव्हीचीं शेवटचीं चार व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें बांधून वर्षाअखेर डेव्हीकडे पाठविलीं, आणि १ मार्च १८१३ रोजीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्याची मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग. राहण्यास माडीवर खोल्या, कोळसा व मेणबत्त्या. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या सभागृहांत मार्सेटबाईंस व्याख्यान झपाट्याचें वाटलें त्याच सभागृहांत हा नवा नोकर मागें उभा राहून वक्त्यांकडे नव्हे तर श्रोत्यांकडे पाहत होता. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत त्यानें अ‍ॅबटला लागोपाठ पत्रें लिहून व्याख्यान कसें असावें याचा विचार मांडला आहे: तासाहून अधिक नसावें, प्रयोग सर्वांस दिसावेत, श्रोत्याचें मन एका पायरीवरून दुसरीवर अलगद न्यावें. नोकरीस लागून चार महिने झाले नव्हते!

पुढची शिकवणी भाषेची. आपली शब्दयोजना गांवढळ आहे, विरामचिन्हें चुकतात, बोलतांना उच्चार बिघडतात, हें फॅरडे जाणून होता. एडवर्ड मॅग्रथ या मित्राच्या जोडीनें सोसायटींतले पांचसहा जण शनिवारीं रात्रीं जमत, एकत्र वाचीत, आणि एकमेकांचे दोष स्पष्ट सांगत. ही शिस्त मोठी कडक होती, असें फॅरडेनें लिहून ठेवलें आहे. स्मार्ट नांवाच्या वक्तृत्वशिक्षकाचेही धडे त्यानें घेतले. पुढें तो स्वतः व्याख्यानें देऊं लागला तेव्हां मॅग्रथ समोर बसून चुका टिपी. आणि घाई होऊं नये म्हणून ‘सावकाश’ या शब्दाची एक पाटी फॅरडेपुढें ठेवलेली असे. ज्याच्या वक्तृत्वाची पुढें लंडनभर वाहवा झाली त्याच्यापुढें एके काळीं अशी पाटी होती, ही गोष्ट आम्हांस त्याच्या कित्येक शोधांइतकीच रम्य वाटते.

१८३१ सालीं चुंबकापासून वीज उत्पन्न करून फॅरडे जगविख्यात झाला. आतां तरी शिकवणी संपावी! परंतु १८३४ सालीं विजेनें होणाऱ्या पृथक्करणाचे नियम मांडतांना त्यास असें दिसून आलें, कीं जुने शब्दच बुद्धीस फसवितात. ‘ध्रुव’ म्हटलें कीं तेथें कांहीं ओढणारी शक्ति आहे असें मनांत येतें, आणि तें तर त्यास मान्य नव्हतें. नवे शब्द हवे होते व ग्रीक भाषा त्यास येत नव्हती. त्यानें केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडितास पत्र लिहून प्रथमपासून सर्व कल्पना समजावून सांगितली. आणि पत्रापत्री होतां होतां अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द जन्मास आले. आज मॅट्रिकच्या वर्गांत जे शब्द पहिल्या आठवड्यांत येतात ते बेचाळीस वर्षांच्या एका शास्त्रज्ञानें दुसऱ्यापुढें पाटी धरून मिळविलेले आहेत. या शब्दांस लंडनमध्यें विरोध झाला तेव्हां, बाप, मुलगा आणि गाढव यांच्या गोष्टींतल्या बापासारखी आपली स्थिति झाली होती, परंतु आपल्या नांवाची ढाल पुढें करतांच आक्षेप वितळून गेले, असें फॅरडेनें ह्यूएलला गमतीनें कळविलें.

गणित मात्र त्यास शेवटपर्यंत आलें नाहीं. चाळिशी उलटल्यावर स्मरणशक्तीही दगा देऊं लागली. केलेला प्रयोग आठवेना, म्हणून रोजनिशींतील कलमांस अनुक्रमांक घालून तो स्वतःच्याच कामाची उजळणी करी. ते अनुक्रमांक सोळा हजारांवर गेले आहेत. अशा अवस्थेंत, १८५७ च्या नोव्हेंबरांत, सहासष्ट वर्षांच्या फॅरडेनें सव्वीस वर्षांच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यास एक पत्र लिहिलें. फॅरडेच्या बलरेषांची कल्पना हा तरुण तेव्हां गणितांत बसवीत होता. फॅरडेची विनंति एवढीच, कीं गणिती आपल्या निर्णयास पोंचल्यावर तो निर्णय साध्या भाषेंतही तितकाच पूर्ण व निश्चित मांडतां येणार नाहीं काय? तो आपल्या चित्रलिपींतून उतरवून दिला तर माझ्यासारख्यांस प्रयोगानें त्यावर काम करतां येईल. शिष्याचा शिष्य व्हावें असा हा प्रसंग. परंतु त्या पत्रांत कमीपणाची छटाही आढळत नाहीं. मिसेस बीला प्रश्न विचारावा तितक्याच सहजपणें तें लिहिलें आहे.

स्वतः फॅरडेनें इतरांस काय दिलें, तें सांगावयाचें तर नाताळच्या सुटींत मुलांसाठीं दिलेल्या व्याख्यानमालांकडे बोट दाखवावें लागेल. एकोणीस वर्षें त्यानें त्या चालविल्या. शेवटच्या खेपेस, १८६०-६१ च्या हिंवाळ्यांत, विषय होता एक मेणबत्ती. ती जळते म्हणजे काय होतें एवढ्यावरून त्यानें ज्वलन, पाण्याची घटना, हवेचें वजन आणि शेवटीं आपला श्वासोच्छ्वास, येथपर्यंत मुलांस नेलें. रसायन आणि पदार्थविज्ञान यांचा सांधा याहून सुबक रीतीनें दाखविलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि मार्सेटबाई? १८१९ सालीं त्यांनीं त्याच तीन पात्रांची योजना करून पदार्थविज्ञानावरही संभाषणें लिहिलीं. अर्थशास्त्रावरील त्यांचीं संभाषणें त्यापूर्वीं, १८१६ सालींच, प्रसिद्ध झालीं होतीं. रसायनाच्या पुस्तकावर त्यांचें नांव १८३२ च्या सुमारास छापलें गेलें, म्हणजे पहिल्या आवृत्तीस सव्वीस वर्षें होऊन गेल्यावर. दरम्यान अमेरिकेंत तें पुस्तक शाळाशाळांतून चालत होतें. तेथील प्रकाशकांनीं पानांखालीं प्रश्न जोडून मुखपृष्ठावर कॉमस्टॉक व ब्लेक या संपादकांचीं नांवें घातलीं, आणि मूळ कर्त्री कोण याची तेथें बहुतेकांस दाद नव्हती. रॉयल सोसायटीचें दार तर त्या काळीं स्त्रियांस बंदच होतें. तें १९४५ सालीं उघडलें, आणि त्या वर्षीं निवडल्या गेलेल्या दोघींपैकीं कॅथलीन लॉन्सडेल यांनीं स्फटिकशास्त्राचें आपलें काम रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें केलें होतें.

मार्सेटबाई १८५८ च्या जून महिन्यांत वारल्या. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ ऑग्युस्त द ला रीव्ह यांनीं फॅरडेकडे त्यांच्याविषयीं विचारणा केली, तेव्हां २ ऑक्टोबर रोजीं फॅरडेनें उत्तर लिहिलें. त्यांत तो म्हणतो, कीं मी लहानपणीं कांहीं खोल विचार करणारा नव्हतों. अरबी गोष्टींवर माझा विश्वकोशाइतकाच विश्वास बसे. वस्तुस्थितीस मात्र मी मानीत असें. मार्सेटबाईंचें पुस्तक मीं माझ्या लहानशा प्रयोगांनीं तपासून पाहिलें, तें खरें उतरलें, आणि रसायनशास्त्रांत आपला नांगर रुतला असें वाटून मीं त्यास घट्ट धरून ठेवलें. पुढें बाईंशीं प्रत्यक्ष ओळख झाली तेव्हांचा आनंदही त्यानें वर्णिला आहे. आणि सांगितलें आहे, कीं आपला एखादा निबंध छापला गेला म्हणजे त्याची एक प्रत तो आपल्या या पहिल्या शिक्षिकेकडे पाठवीत असे.